वाफसा

"यंदाची मूठ धाकटी टाकेल," ड्रायव्हरकाका म्हणाले आणि त्यावर कुणीच काही बोललं नाही. कुणी 'अरे वा' म्हटलं असतं, निदान 'का बरं' म्हटलं असतं, तर ही गोष्ट आत्ता सुचली असं थोरलीला मानता आलं असतं. सगळे गप्प राहिले, म्हणजे बोलणं आधीच झालं होतं. तिने तोवर उजव्या हाताचा हातमोजा काढला होता. दरवर्षी ती तो काढून काखेत धरायची, वाकायची आणि माती उचलायची. आता तो पुन्हा चढवला तर सगळ्यांना दिसणार, नाही चढवला तर उघडा हात थंडीत तसाच लोंबकळत राहणार. तिने हात कोटाच्या खिशात घातला. खिशात औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं, ते ती चुरगाळत राहिली. "हो, मीसुद्धा तेच म्हणणार होते," ती म्हणाली. वाक्य इतकं चटकन आलं की ते आपल्या तोंडी कुणी घातलं, असा तिला प्रश्न पडला.

बाग म्हणजे बंद पडलेल्या लाँड्रीमागची उताराची जागा. तीन बाजूंना भिंती, चौथ्या बाजूला जाळीचं फाटक, वरच्या अंगाला चार वाफे आणि खाली नळापाशी एकच मोठा. शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाईंनी ही जागा नगरपालिकेच्या मागे लागून मिळवली होती, आणि आसपासच्या इमारतींमधली माणसं सुट्टीच्या दिवशी येऊन तिथे फुकट राबायला लागली होती. बाईंचा कायदा एकच. हिवाळ्यानंतर मातीतलं पाणी ओसरतं, ती ना चिकट ना कोरडी, खणण्याजोगी होते, म्हणजे तिला वाफसा येतो. आणि वाफसा आल्याशिवाय कुदळीला हात लावायचा नाही. ओली माती खणली की ढेकळं निघतात, ढेकळं उन्हात वाळून विटा होतात आणि तो वाफा त्या हंगामापुरता गेला म्हणून समजा. वाफसा ओळखायचा तो मुठीने. माती मुठीत घेऊन दाबायची, तिचा मुटका करायचा आणि कमरेच्या उंचीवरून फळीवर सोडायचा. फुटला तर खणा, नाही फुटला तर घरी जा. बाई दुसऱ्या गावी मुलाकडे राहायला गेल्या, तेव्हा फाटकापाशी थांबून थोरलीला म्हणाल्या होत्या, "तुझा हात खोटं बोलत नाही. मूठ तू टाकत जा." त्या दिवसापासून दर वसंतात मुटका पडण्याआधीचा तो क्षण तिचा होता. सगळे बोलायचे थांबायचे. ड्रायव्हरकाकासुद्धा थांबायचे, जे आयुष्यभर बसमध्ये प्रवाशांशी बोलत आले होते आणि आता प्रवासी नव्हते म्हणून भाज्यांशी बोलत. वर्षात तेवढा एकच क्षण असा असायचा की ती काय करते याकडे माणसं श्वास रोखून बघायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय आहे त्यात?

हाताची तारीफ खोटी नव्हती. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करायची. डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडांचे ठसे यायचे, ती त्यांत प्लास्टर ओतायची आणि घट्ट झालं की साचा सोडवायची. माणूस तिला कधीच दिसत नसे, फक्त त्याचा चावा दिसायचा. ठशासोबत येणाऱ्या, माणसाने चावलेल्या मेणाच्या पट्टीवरच्या खळग्यांवरून ती सांगू शकायची की हा डाव्या बाजूने चावतो, हिने भीतीने तोंड पुरतं मिटलंच नाही, हा रात्री झोपेत दात खातो. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणायची, "तू ज्योतिषी का नाही झालीस गं?" त्यावर थोरली म्हणायची की ज्योतिष्याला पुढचं सांगावं लागतं, मला फक्त झालेलं कळतं. दाब कुठे पडला, किती पडला, हे वाचण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. दुसऱ्यांचा दाब. स्वतःच्या चाव्याचं मेण तिने कधी बघितलं नव्हतं.

धाकटीला बागेत आणलं तेही तिनेच. गेल्या पानगळीत धाकटी दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली. नवरा दुसरीकडे राहायला गेला होता आणि जाताना चहाची किटली तेवढी घेऊन गेला होता. या किटलीवरून धाकटी इतकी हसली की थोरलीला वाटलं, आता रडेल. पण ती रडली नाही, सोफ्यावर झोपून राहिली. दिवसच्या दिवस झोपून राहिली. आंघोळीला जा म्हटलं की जायची, जेव म्हटलं की जेवायची. शेवटी थोरलीने तिच्या अंगावर आपला जुना कोट टाकला, तिला बागेत नेऊन उभं केलं आणि सगळ्यांना म्हणाली, "ही माझी धाकटी. हिला काहीतरी काम द्या, म्हणजे माझा सोफा मोकळा होईल." सगळे हसले. तिला वाटलं होतं, आपण एक आजारी रोप आणलंय, त्याला आडोशाला कुठेतरी लावू, पाणी घालू, आणि ते जगलं तर लोक म्हणतील, हिच्या हाताला गुण आहे. पुढे हिवाळ्यात थोरलीला न्यूमोनिया झाला. ती अंथरुणात असताना बागेतली बातमी तिचा नवरा आणायचा. धाकटीने औजारांच्या खोलीचं दार नीट केलं. धाकटीने वरचे चारही वाफे प्लास्टिकने झाकले, खालच्याला पुरलं नाही. धाकटी ड्रायव्हरकाकांना काय म्हणाली, ऐक ना. नवरा पलंगाच्या कडेला बसून हे हसत हसत सांगायचा, आणि ती खोकल्याची उबळ मध्ये आणायची. उबळ खरी होती. फक्त ती केव्हा आणायची, हे हळूहळू तिच्या हातात आलं होतं. धाकटीने दोन गल्ल्या सोडून एक खोली भाड्याने घेतली, तेव्हा नवऱ्याने तिथे खिडकीला फळी ठोकून दिली, तिच्या रोपांसाठी. घरच्या बाथरूमची कडी मात्र हिवाळाभर सुतळीने बांधलेली होती. एकदा थोरली म्हणाली, "तिकडे हातोडी घेऊन जातोस, तर वाटेत आपलंही बाथरूम लागतं बरं का." "अगं, आपलं काय पळून चाललंय," नवरा म्हणाला. खरंच होतं ते. आपलं काहीच पळून चाललं नव्हतं, ते जागच्या जागीच दुसऱ्याचं होत होतं.

धाकटीने वरच्या वाफ्यावरचं प्लास्टिक दुमडलं. खाली माती मऊ, काळसर, कोरडीशी होती. तिने ती मुठीत घेतली आणि विचारलं, "किती दाबू?" प्रश्न सगळ्यांना होता, पण ती बघत होती थोरलीकडे. "रुसलेल्या माणसाचा हात दाबावा इतपत," ड्रायव्हरकाका म्हणाले, आणि हशा पिकला. हे वाक्य बाईंचं होतं. बाई हे थोरलीला एकटीला म्हणाल्या होत्या, असं ती इतकी वर्षं समजत आली होती. मुटका पडला आणि फळीवर त्याचा भुगा झाला. टाळ्या वाजल्या. टाळ्या! तिच्या वेळी कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तिच्या वेळी लोक फक्त सुटकेचा श्वास सोडायचे आणि कुदळी उचलायचे, आणि तिला तोच मान वाटायचा. आता वाटलं, तो मान नव्हता, सवय होती. नळाला रोज पाणी येतं म्हणून नळासाठी कुणी टाळ्या वाजवतं का? धाकटी लाजून हात झटकत होती, तिच्या गालाला माती लागली होती. तिला ती शोभत होती. लहानपणापासून असंच. दोघी एकाच चिखलात पडल्या तर थोरली घाण दिसायची आणि धाकटी गोड. धाकटी जन्मली तेव्हा थोरली सहा वर्षांची होती. आईने तिच्या मांडीवर ते कापडात गुंडाळलेलं गाठोडं ठेवलं आणि म्हणाली, "बघ, तुला खेळायला आणलंय." थोरलीने गाठोड्याची मूठ उघडून बघितली, तर त्या मुठीने तिचंच बोट पकडलं. सोडेना. ओढलं तर रडायला लागलं. "अगं, हळू," आई म्हणाली. आयुष्यातलं ते पहिलं 'अगं, हळू'. पुढे ते किती वेळा ऐकलं, आणि ते दर वेळी तिलाच उद्देशून का होतं?

मग दोघी मोठ्या होत होत्या तेव्हा एक खेळ असायचा. थोरली वडिलांच्या शर्टाचं तुटलेलं बटण मुठीत लपवायची, दोन्ही मुठी पुढे करायची आणि विचारायची, कुठल्या मुठीत? धाकटी मुठींकडे बघायचीच नाही. ती थोरलीच्या तोंडाकडे बघायची आणि बरोबर बोट ठेवायची. दर वेळी. थोरलीने चेहरा दगडासारखा केला, डोळे मिटले, मग हसून बघितलं, काही उपयोग झाला नाही. कसं कळतं गं तुला, असं विचारलं तर धाकटी म्हणायची, "तू ज्या हाताला विसरल्यासारखी करतेस ना ताई, त्यात असतं." थोरलीने तो खेळच बंद केला. धाकटी बरेच दिवस बटण घेऊन मागे मागे फिरत होती.

वरचे वाफे भराभर खणले जाऊ लागले. कुदळ मातीत शिरताना कोरडा, समाधानी आवाज येत होता, भिंतीपलीकडे कुणीतरी गाडी सुरू करायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होतं. थोरली खुरप्याने कडेचं तण काढत होती. बसून करायचं काम, आजारातून उठलेल्या माणसाला शोभेल असं, तेही कुणीतरी तिला प्रेमाने नेमून दिलेलं. ड्रायव्हरकाका कुदळ खांद्यावर टाकून उताराने खाली निघाले. "चला, आता खालचा! धाकटीच्या मटारचा महाल!" हेही तिला नवं होतं. खालचा मोठा वाफा यंदा धाकटीच्या मटारला द्यायचा ठरला होता. खिडकीतल्या फळीवर तिने रोपं तयार केली होती, ती आता हातभर झाली होती, आज खणलं तर उद्या लावायची होती. थोरली उठली. खालचा वाफा हिवाळाभर उघडा होता. नळाचं गळतं पाणी तिकडेच जायचं. तिथे वाफसा दरवर्षी उशिरा येतो हे तिला माहीत होतं, आणि इथे हे माहीत असणारी ती एकटीच होती. म्हणजे आता बोलायला हवं होतं. थांबा, एवढंच. एक शब्द. तो घशात आला आणि तिथे तिने तो उलटून पालटून बघितला, जसा ती एखादा साचा दिव्याखाली धरते. हा शब्द कुणाचा आहे? माती ओली आहे म्हणून आलाय, की धाकटीचा महाल होऊ नये म्हणून? दोन्हींचा चेहरा एकसारखाच होता. आणि समजा आत्ता 'थांबा' म्हटलं, तर या सगळ्यांना काय ऐकू येईल? मूठ गेली म्हणून ही आडवी आली. पण गप्प राहिलं तर? वाफा विटा होईल, रोपं मरतील, आणि उन्हाळ्यात सगळे म्हणतील, थोरलीची मूठ असती तर असं झालं नसतं. या विचाराने तिच्या अंगातून एक ऊब गेली. खरी ऊब, पाठीतून खाली. तिला स्वतःची शिसारी आली आणि तरी ती ऊब तिने लगेच जाऊ दिली नाही.

"काका, थांबा ना," धाकटी म्हणाली. "वरचं वेगळं, खालचं वेगळं. मी टाकून बघितलं आत्ता, अर्धा फुटला, अर्धा नाही. मला नाही कळत." ती उतार चढून आली. तिच्या ओंजळीत खालची माती होती. "ताई, तू सांग. इथे खरं तुलाच कळतं." हे तिने सगळ्यांसमोर म्हटलं, मोठ्याने म्हटलं, आणि थोरलीला वाटलं, दिलं. घेतलेलं परत दिलं, वाढदिवसाच्या दिवशी धाकट्या मुलाने आपल्या खाऊतला तुकडा द्यावा तसं. नकार देण्याची सोय नव्हती. माती घ्यायला हात पुढे झाला तेव्हा तिच्या लक्षात आलं, हातमोजा अजून चढवलेलाच नाही.

माती थंड होती. बोटं तिच्याभोवती मिटली. सगळे थांबले होते. ड्रायव्हरकाकांनी टोपीसुद्धा काढली होती, थट्टेने की आदराने कोण जाणे. हाच तो क्षण, तिचा, आणि तो आल्यावर तिला एक साधी गोष्ट कळली, जी इतक्या वर्षांत कधी मनात आली नव्हती. सगळं दाबण्यावर होतं. हलकं दाबलं तर ही माती फुटेल. जोरात दाबलं तर वरच्या वाफ्याची कोरडी मातीसुद्धा फुटणार नाही. किती दाबायचं हे हाताला माहीत असतं, असं बाई म्हणायच्या, आणि हाताला कायम माहीत असायचं, कारण हाताला तेव्हा काही हवं नव्हतं. आता तिने हाताला विचारलं. हात गप्प. नेहमीइतकंच दाब, तिने स्वतःला बजावलं. पण नेहमीइतकं म्हणजे किती? अंगठा मातीत रुतत होता. आजारातून उठलेल्या हातात जोर नसतो, म्हणून मुद्दाम थोडा लावावा लागतो, असं तिने मनात म्हटलं, आणि म्हणताना ती धाकटीकडे बघत नव्हती. ती भिंतीकडे बघत होती. धाकटी तिच्याकडे बघत होती. मुठीकडे नाही, तोंडाकडे. थोरलीने मुटका सोडला.

फळीवर धप्प असा ओला आवाज झाला. मुटका पडला तसाच राहिला, जरा कलंडला, बस्स. "नाही आला," ती म्हणाली. ड्रायव्हरकाकांनी टोपी पुन्हा चढवली. "झालं! महालाचं बांधकाम स्थगित. वाचलो बुवा, माझी कंबर आत्ताच रजेवर गेली होती." कुणीतरी म्हणालं, "बघा, थोरलीचं थोरलीलाच कळतं." हे ऐकायला तिने सकाळपासून काय दिलं नसतं, आणि आता ते ऐकू आलं तेव्हा दूर कुठेतरी रेडिओ चालू असावा तसं वाटलं. धाकटी म्हणाली, "बरं झालं ताईला विचारलं." तिने वाकून मुटका उचलला, कुठे टाकावा हे न सुचल्यासारखा हातात धरला आणि मग कोटाच्या खिशात ठेवला. कोट थोरलीचाच होता.

त्याच संध्याकाळी पाऊस लागला आणि तो उघडेचना. पुढच्या सुट्टीला खालच्या वाफ्यात पाणी उभं होतं, त्याच्या पुढच्या सुट्टीलाही. वर बी रुजलं, हिरवी टोकं वर आली, आणि खाली नळापाशी तो तुकडा डबक्यासारखा पडून राहिला. त्या दिवशी खणलं असतं तर? माती खरंच ओली असती तर विटा झाल्या असत्या, आणि नसती तर मटार एव्हाना काठीला लागले असते. दोन्ही गोष्टी आता पाण्याखाली होत्या, कुणालाच दिसणार नव्हत्या. कारखान्यात तिच्या हातून एक साचा फुटला, मग आणखी एक. मैत्रीण म्हणाली, "अगं, किती जोर लावतेस, दात आहेत ते, अक्रोड नव्हेत." नवरा एक दिवस काही न सांगता बाथरूमची कडी बसवून मोकळा झाला. ती कडी लावून आत बराच वेळ उभी राहिली. इतके दिवस जिच्यावरून कुरकुर केली ती गोष्ट हातात आली, आणि कुरकुर मात्र जागच्या जागी होती. तिला आता नवं कारण शोधावं लागणार होतं.

एका दुपारी ती धाकटीच्या खोलीवर गेली. न कळवता गेली. धाकटी दार उघडून म्हणाली, "ये की. पसारा आहे हं, बघू नकोस." पसारा नव्हताच. एक पलंग, एक टेबल, नवी किटली. खिडकीतल्या फळीवर मटारची रोपं होती. पण ती रोपं म्हणण्याजोगी राहिली नव्हती. उजेडाच्या ओढीने ती लांबच लांब वाढली होती, फिकट, दोऱ्यासारखी, एकमेकांच्या गळ्यात पडून आडवी झालेली. खालची पानं पिवळी होती. "गेली," धाकटी म्हणाली. "मी रोज त्यांना म्हणते, धीर धरा. ती म्हणतात, तूच धर." आणि हसली; पण हसू किटलीवरचं नव्हतं. ते अर्ध्यात थांबलं. "वेडेपणा आहे गं, मला कळतं. मटारच तर आहेत. पण सकाळी उठायला काहीतरी होतं ना." ती किटली भरायला वळली. थोरलीला बोलायचं होतं. काय, ते ठरलं नव्हतं. ती फळीजवळ गेली आणि रोपांच्या टोकाला, खिडकीच्या कोपऱ्यात, तिला तो मुटका दिसला.

तो वाळून दगड झाला होता. रंग उतरून राखेसारखा फिका झाला होता, पण आकार जसाच्या तसा. चार बोटांच्या चार खाचा आणि वर अंगठ्याचा खळगा. तिने तो उचलून उजेडात धरला. धरताच तिला कळलं, जसं रोज दुसऱ्यांचं कळतं. मागच्या तीन बोटांचा दाब साधा होता, हाताच्या सवयीचा. अंगठा मात्र खोल गेला होता, कडा फाटेपर्यंत, आणि तर्जनीच्या टोकाशी नखाची चंद्रकोर उमटली होती. माती पारखणारी मूठ नव्हती ही. काहीतरी सुटू नये म्हणून धरलेली होती.

"ते टाकू नकोस हं," पाठमोरी धाकटी म्हणाली. तिने वळूनही बघितलं नव्हतं.

"कशाला ठेवलायस हा?"

किटली उकळायला लागली होती. धाकटीने ती बंद केली, दोन कपांत पाणी ओतलं, मग म्हणाली, "ताई, माझ्या बाबतीत तू एवढा जोर कधी लावला नव्हतास. सोफ्यावरून उठवायलासुद्धा नाही."

तिच्या आवाजात राग शोधला तर सापडला असता, नाही असं नाही. पण तिने कप आणून थोरलीसमोर ठेवला, दांडा तिच्या उजव्या हाताकडे करून. थोरलीने कप घेतला नाही. तिच्या हातात मुटका होता. खिडकीबाहेर पाऊस थांबल्यासारखा झाला होता, पागोळ्या तेवढ्या गळत होत्या. तिने आपली बोटं एकेक करून त्या खाचांमध्ये ठेवून बघितली. ती बसेनात. माती वाळताना आकसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने पुन्हा एकदा बघितलं, अंगठा फिरवून, बोटं चिकटवून. नाही. मूठ तिचीच होती आणि तिला लहान होत होती, कुणा सहा वर्षांच्या मुलीची असावी तशी.